जपानच्या लोकलचे भाडे कोण भरतो?

जपानी रेल्वेविषयी आपल्याकडे बोलणे निघाले की ते बहुधा शिंकान्सेनपाशी सुरू होते आणि तेथेच संपते. ताशी तीनशे किलोमीटर वेगाने धावणाऱ्या गाडीचे आकर्षण वाटणे स्वाभाविक आहे. परंतु सामान्य जपानी माणसाच्या रोजच्या आयुष्यात त्या गाडीला फारसे स्थान नाही. तो जातो तो विजेवर चालणाऱ्या साध्या लोकलने. घराजवळच्या स्थानकापासून कचेरीजवळच्या स्थानकापर्यंत, दहा, वीस किंवा फार तर चाळीस किलोमीटर. टोकियोतील शिंजुकू या एकाच स्थानकातून कोरोनापूर्वीच्या काळात दररोज सुमारे ३५ लाख माणसांची ये-जा होत असे, आणि त्यांत लांब पल्ल्याचे प्रवासी अगदीच थोडे होते. जपानची रेल्वे खऱ्या अर्थाने समजून घ्यावयाची असेल, तर या लहान अंतराच्या प्रवासाकडेच पाहावयास हवे.

या प्रवासाकडे पाहून आपल्याकडे एक निष्कर्ष हमखास काढला जातो. टोकियो-ओसाकाच्या लोकल चालविणाऱ्या बहुतेक कंपन्या खाजगी आहेत. रोजचा खर्च भागविण्यासाठी त्या सरकारपुढे हात पसरीत नाहीत. गाड्या वेळेवर धावतात आणि एवढे करून कंपन्यांना नफाही होतो. तेव्हा आपल्या लोकलचा तोटा हा केवळ सरकारी कारभाराचा दोष असून खाजगीकरण हाच त्यावरील उपाय होय, असा हा युक्तिवाद. यातील निरीक्षण बहुतांशी खरे आहे. निष्कर्ष मात्र खरा नाही. कारण या युक्तिवादात एक साधा प्रश्न विचारावयाचा राहून जातो. जपानी लोकलचे भाडे नेमके कोण भरतो? त्याचे उत्तर शोधू लागलो की खिडकीपाशी उभा असलेला प्रवासी हा भाडे भरणाऱ्यांपैकी केवळ एक आहे, असे दिसून येते.

पासाचा हिशेब

प्रथम तिकिटाचाच विचार करू. जपानमध्ये लोकलचे भाडे अंतरावर आकारले जाते. प्रवासी ठरलेल्या अंतरापेक्षा पुढे गेला तर उतरण्याच्या स्थानकावर फरक भरण्याचे यंत्र असते; तेथे उरलेली रक्कम भरली की दंडावाचून बाहेर पडता येते. प्रवाशावर विश्वास ठेवणारी ही पद्धत लहानशी असली तरी अनुकरणीय आहे. पण तिची दुसरी बाजूही आहे. एकाच शहरात अनेक कंपन्या गाड्या चालवितात, आणि एका कंपनीच्या मार्गावरून दुसरीच्या मार्गावर गेले की दोन्ही कंपन्यांचे किमान भाडे सामान्यतः स्वतंत्रपणे द्यावे लागते. १९६० पासून टोकियोत भुयारी रेल्वे आणि उपनगरी कंपन्या एकमेकींच्या रुळांवर गाड्या नेऊ लागल्या. त्यामुळे प्रवाशाला गाडी बदलावी लागत नाही, पण हिशेब बदलतो. पाच-सहा किलोमीटरच्या प्रवासात दोन कंपन्यांची हद्द येत असेल, तर त्या माणसाला लांब जाणाऱ्याच्या मानाने कितीतरी अधिक दर पडतो.

अर्थात नोकरदार माणूस रोज तिकीट काढीत नाही. तो एक, तीन किंवा सहा महिन्यांचा पास काढतो, आणि त्या पासाचे पैसे बहुधा त्याच्या खिशातून जातच नाहीत. कामगाराला प्रवासभत्ता दिलाच पाहिजे असा कायदा जपानमध्ये नाही. तथापि बहुसंख्य कंपन्या तो देतात. सरकारही त्यास उत्तेजन देते. दरमहा दीड लाख येनपर्यंतचा प्रवासभत्ता २०१६ पासून प्राप्तिकरातून मुक्त आहे. म्हणजे भाड्याचा मोठा भाग मालक भरतो आणि त्यावरील कर सोडून देऊन सरकारही आपला वाटा उचलते. ज्याला ‘अनुदानरहित’ म्हणून गौरविले जाते, त्या व्यवस्थेच्या पायथ्याशीच असे एक अप्रत्यक्ष अनुदान आहे.

या व्यवस्थेचा लाभ सर्वांना सारखा मिळत नाही, हेही नमूद केले पाहिजे. कायम नोकरीत असलेल्याला पूर्ण भत्ता आणि कंत्राटी कामगाराला कमी, असा भेद अनेक ठिकाणी चालत असे. १ जून २०१८ रोजी जपानच्या सर्वोच्च न्यायालयाने एका मालवाहतूक कंपनीच्या खटल्यात प्रवासभत्त्यातील असा भेद अवाजवी ठरविला. नोकरीचा करार मुदतीचा असला म्हणून घर आणि कामाचे ठिकाण यांमधील अंतर कमी होत नाही, हे साधे तत्त्व प्रस्थापित होण्यासाठी खटला सर्वोच्च न्यायालयापर्यंत जावा लागला. शिवाय ज्याला मालकच नाही अशा वृद्धाचे, गृहिणीचे किंवा बेकाराचे काय, हा प्रश्न उरतोच. लहान अंतराचे पूर्ण तिकीट स्वतःच्या खिशातून काढणारा माणूस तोच.

रुळांलगतची जमीन

भाडे भरणारा दुसरा घटक म्हणजे जमीन. या कल्पनेचे श्रेय मुख्यतः कोबायाशी इचिझो यांच्याकडे जाते. मित्सुई बँकेतील नोकरी सोडून आलेल्या या गृहस्थांनी १९१० साली ओसाकाच्या उमेदा स्थानकापासून ताकाराझुका या उष्णोदकाच्या झऱ्यांच्या गावापर्यंत विजेची गाडी सुरू केली. ही कंपनी पुढे हांक्यू या नावाने प्रसिद्धीस आली. मार्ग शेतांतून जाणारा होता. प्रवासी मिळणार कोठून, अशी शंका भल्याभल्यांना वाटत होती. कोबायाशींनी मार्गालगतची जमीन आधीच स्वस्तात घेऊन ठेवली होती. तीवर त्यांनी घरे बांधली आणि मध्यमवर्गीयांना ती दहा वर्षांच्या हप्त्यांनी विकली. गाडीमुळे जमिनीला मोल आले आणि घरांमुळे गाडीला प्रवासी मिळाले.

एवढ्यावर ते थांबले नाहीत. सकाळी शहराकडे भरून जाणारी गाडी परतताना रिकामी धावते, हे प्रत्येक उपनगरी रेल्वेचे दुखणे आहे. त्यावर उपाय म्हणून कोबायाशींनी मार्गाच्या दुसऱ्या टोकाला, ताकाराझुका येथे, स्नानगृहे आणि करमणुकीची साधने उभारली. केवळ मुलींचा सहभाग असलेली तेथील संगीत-नाट्यसंस्था १९१४ पासून आजतागायत चालू आहे. १९२९ साली उमेदा स्थानकावर त्यांनी कंपनीचेच मोठे दुकान काढले. गाडीतून उतरलेला माणूस जो पैसा खर्च करील तोही रेल्वेच्याच गल्ल्यात यावा, असा हा हिशेब होता.

हाच मार्ग टोकियोत तोक्यू कंपनीने अधिक मोठ्या प्रमाणावर चोखाळला. शहराच्या नैर्ऋत्येस तामा टेकड्यांच्या परिसरात नवे नगर वसविण्याची योजना तिने १९५३ साली मांडली, आणि १९६६ साली तेथवर रेल्वे नेली. तेथील पद्धत समजून घेण्यासारखी आहे. शेतकऱ्यांनी आपल्या जमिनी एकत्र करावयाच्या. रस्ते, उद्याने आणि राखीव भूखंड यांसाठी काही हिस्सा सोडावयाचा. उरलेली जमीन आकाराने लहान पण मोलाने मोठी होऊन त्यांच्याकडे परत यावयाची. विकासाचा खर्च कंपनीने करावयाचा आणि मोबदल्यात राखीव भूखंड घ्यावयाचे. जमीनदार, कंपनी आणि प्रवासी या तिघांचे हित येथे एकाच रुळाला बांधले गेले.

अर्थशास्त्राच्या परिभाषेत सांगावयाचे तर रेल्वेपासून होणारा लाभ केवळ तिच्या प्रवाशांपुरता राहत नाही. स्थानकाजवळ ज्याची जमीन आहे तो गाडीत पाऊल न टाकताही श्रीमंत होतो. हा बाह्य लाभ रेल्वेच्या हिशेबात आला नाही तर समाजाचा फायदा होत असूनही रेल्वे तोट्यात दिसते. जपानी कंपन्यांचे यश खाजगी मालकीपेक्षा या एका गोष्टीत अधिक आहे. गाडीने निर्माण केलेले मोल त्यांनी गाडीकडे परत वळविले. केवळ तिकीटविक्रीवर त्या जगल्या असत्या काय, याविषयी शंका घेण्यास भरपूर जागा आहे.

तंबाखूवरील कर आणि रेल्वेचे कर्ज

तिसरा भाडे भरणारा म्हणजे करदाता. आणि याच्याविषयी सर्वांत कमी बोलले जाते. खाजगी कंपन्यांबरोबरच टोकियोच्या उपनगरी वाहतुकीचा मोठा भार सरकारी जपान राष्ट्रीय रेल्वेवर होता. युद्धोत्तर भरभराटीच्या काळात खेड्यांतून माणसांचे लोंढे शहराकडे आले आणि गाड्यांत पाय ठेवावयास जागा उरली नाही. ३ मे १९६२ रोजी मिकावाशिमा येथे झालेल्या अपघातात १६० आणि ९ नोव्हेंबर १९६३ रोजी त्सुरुमी येथे १६१ माणसे मृत्युमुखी पडली. त्यानंतर टोकियोकडे येणाऱ्या पाच प्रमुख दिशांचे मार्ग वाढविण्याची प्रचंड योजना हाती घेण्यात आली. उपनगरी आणि लांब पल्ल्याच्या गाड्यांचे रूळ वेगळे झाले. आज पूर्व जपान रेल्वे कंपनी ज्या मार्गांवर आपला व्यवसाय करते, त्यांतील अनेक मार्ग या योजनेने घडविले आहेत.

हे सारे बव्हंशी कर्ज काढून झाले. राष्ट्रीय रेल्वे १९६४ साली तोट्यात गेली ती पुन्हा सावरली नाही. त्या तोट्याला ग्रामीण मार्ग, राजकीय दडपणाखाली बांधलेल्या नव्या शाखा, नोकरभरती आणि रखडलेली भाडेवाढ ही सर्वच कारणे होती. केवळ उपनगरी गाड्यांना दोष देणे योग्य होणार नाही. १ एप्रिल १९८७ रोजी तिचे सहा प्रवासी आणि एक मालवाहतूक अशा सात कंपन्यांत विभाजन झाले, तेव्हा एकूण देणे सुमारे ३७ लाख कोटी येन होते. त्यातील काही भाग सधन कंपन्यांनी उचलला. मोठा भाग मात्र एका स्वतंत्र महामंडळाच्या माथी मारण्यात आला. जमिनी आणि समभाग विकूनही ते देणे फिटले नाही. १९९८ साली महामंडळ गुंडाळले गेले आणि सुमारे २४ लाख कोटी येनचे कर्ज सरकारच्या तिजोरीकडे आले. त्याच्या फेडीसाठी त्याच वर्षी सिगारेटवर खास कर बसविण्यात आला. जपानमधील सिगारेट ओढणारा माणूस, तो आयुष्यात कधी लोकलने गेला असो वा नसो, रेल्वेचे जुने देणे फेडीत आला आहे!

तेव्हा १९८७ नंतरच्या कंपन्यांचा नफा पाहताना त्यांना बांधून तयार असलेले मार्ग आणि हलके केलेले ओझे मिळाले होते, हे विसरता येणार नाही. त्यांची कार्यक्षमता खोटी आहे, असा याचा अर्थ नव्हे. नव्या कंपन्यांनी सेवा सुधारली, आणि पूर्व जपान रेल्वेने तर १९८७ पासून सुमारे चार दशके, उपभोगकरातील वाढ वगळता, सर्वसाधारण भाडेवाढ केली नाही. परंतु कार्यक्षमतेचे श्रेय देताना भांडवल कोणी पुरविले हे सांगणेही हिशेबाच्या प्रामाणिकपणात मोडते.

वर्तमानपत्र उघडण्याइतकी जागा

चौथा वाटा प्रवाशाने आपल्या शरीराने भरला आहे. जपानी प्रशासन गर्दी टक्क्यांत मोजते. ही मोजपट्टी समजावून सांगण्याची तेथील रूढ रीत मोठी बोलकी आहे. शंभर टक्के म्हणजे प्रत्येकाला आसन, कडी किंवा दारालगतचा खांब मिळतो. दीडशे टक्क्यांत वर्तमानपत्र उघडून वाचता येते. १८० टक्क्यांत घडी घालून कसेबसे वाचता येते. दोनशे टक्क्यांत साप्ताहिक तेवढे डोळ्यांपुढे धरता येते. आणि अडीचशे टक्क्यांत हातही हलविता येत नाही. टोकियो परिसरातील प्रमुख मार्गांवरील ऐन गर्दीच्या वेळची सरासरी १९७५ साली २२१ टक्के होती. २०१९ साली ती १६३ टक्क्यांवर आली होती. मधल्या चार दशकांत जी सुधारणा झाली तिचे कौतुक करताना, त्या चार दशकांत रोज सकाळी ज्यांनी हे दडपण सोसले त्यांचा हिशेब कोणत्याही ताळेबंदात नाही, हेही लक्षात घ्यावयास हवे. जपानी प्रवाशाची शिस्त वाखाणली जाते; परंतु त्या शिस्तीलाही मर्यादा होती. मार्च १९७३ मध्ये आगेओ स्थानकावर, कर्मचाऱ्यांच्या नियमानुसार काम आंदोलनामुळे गाड्या रखडल्या असताना, संतप्त प्रवाशांनी दंगल केली.

वक्तशीरपणाची किंमतही अशीच कोणीतरी मोजतो. २५ एप्रिल २००५ रोजी पश्चिम जपान रेल्वेची एक लोकल आमागासाकी येथील वळणावर रुळांवरून घसरून एका निवासी इमारतीवर आदळली. चालकासह १०७ माणसे ठार झाली. आधीच्या एका स्थानकात गाडी थांब्याच्या पुढे गेल्यामुळे तिला एक मिनिटाहून थोडा अधिक उशीर झाला होता. ताशी ७० किलोमीटरची मर्यादा असलेल्या वळणावर ती सुमारे ११६ किलोमीटर वेगाने शिरली. चालकाचे वय २३ वर्षांचे होते. चुका करणाऱ्या चालकांना ‘पुनःप्रशिक्षणा’च्या नावाखाली अपमानास्पद शिक्षा देण्याच्या कंपनीच्या पद्धतीचा त्याच्या मनावर झालेला परिणाम चौकशी आयोगाने २००७ च्या अहवालात नमूद केला. हा मार्ग ताकाराझुकाहून ओसाकाच्या दिशेने येणारा, म्हणजे कोबायाशींच्या जुन्या मार्गाशी थेट स्पर्धा करणारा होता. त्या स्पर्धेसाठी वेळापत्रकातील सवड काढून घेण्यात आली होती. स्पर्धेमुळे प्रवाशाची काही मिनिटे वाचली हे खरे; पण ती मिनिटे सुरक्षिततेच्या खात्यातून काढली गेली होती.

ग्रामीण मार्गांचे काय?

या सर्व भागीदारीला २०२० साली जबर धक्का बसला. माणसे घरून काम करू लागली. टोकियोतील गर्दीची सरासरी १०७ टक्क्यांवर उतरली. प्रवाशाला मोकळा श्वास मिळाला, पण पासांचे उत्पन्न आटले. पुढे गर्दी बरीचशी परतली, तरी आठवड्यातून तीनच दिवस कचेरीत जाणारा माणूस सहा महिन्यांचा पास कशाला काढील? पूर्व जपान रेल्वेने मार्च २०२३ पासून गर्दीची वेळ टाळणाऱ्यांसाठी सुमारे दहा टक्के स्वस्त पास सुरू केला आणि नेहमीचा पास किंचित महाग केला. मार्च २०२६ पासून लागू व्हावयाची सरासरी ७.१ टक्क्यांची सर्वसाधारण भाडेवाढ २०२५ साली मंजूर झाली. तीत नोकरदारांच्या पासावरील वाढ सरासरीहून बरीच अधिक आहे.

यातून एक जुने सत्य उघडे पडले. महानगरातील लहान अंतराचा प्रवासी केवळ आपल्या गाडीचा खर्च भागवीत नव्हता. दूरच्या डोंगराळ भागातील, चार-दोन विद्यार्थी आणि वृद्ध यांना घेऊन धावणारी एक डब्याची गाडीही त्याच्याच पासावर चालत होती. महानगरांचे उत्पन्न घटताच पश्चिम जपान रेल्वेने एप्रिल २०२२ मध्ये १७ मार्गांवरील ३० विभागांचे आणि पूर्व जपान रेल्वेने जुलैमध्ये ३५ मार्गांवरील ६६ विभागांचे तोट्याचे आकडे प्रसिद्ध केले. ज्या कंपनीला टोकियो-ओसाकासारखे महानगर लाभलेच नाही, त्या होक्काइदो रेल्वेने तर २०१६ सालीच आपल्या जवळजवळ निम्म्या मार्गांचा भार एकटीने पेलणे अशक्य असल्याचे जाहीर केले होते. कोळशाच्या खाणींसाठी प्रसिद्ध असलेल्या युबारीची शाखा १ एप्रिल २०१९ पासून बंद झाली. नफ्याच्या तत्त्वावर उभी केलेली रेल्वे नफा असेल तेथेच उरते, यात नवल ते काय? ऑक्टोबर २०२३ पासून अमलात आलेल्या सुधारित कायद्यानुसार अशा मार्गांचे भवितव्य ठरविण्यासाठी केंद्र सरकार, स्थानिक संस्था आणि कंपन्या यांना एकत्र बसविण्याची तरतूद झाली आहे. म्हणजे सरकारला दाराबाहेर ठेवून ज्या व्यवस्थेचा गौरव झाला, तिनेच आता सरकारला बोलावून घेतले आहे.

आपण नेमके काय घ्यावे?

जपानचे अनुकरण करू नये, असे प्रस्तुत लेखकाचे म्हणणे नाही. कशाचे अनुकरण करावयाचे, हे आधी ठरवावे, एवढेच म्हणणे आहे. कंपनीच्या पाटीवर ‘खाजगी’ असे लिहिल्याने लोकल फायद्यात येत नाही. ती फायद्यात येते ती तिच्यापासून लाभ होणाऱ्या प्रत्येकाकडून त्याचा वाटा वसूल झाला तर. आणि हा धडा महाराष्ट्राला अगदीच परका नाही. नवी मुंबईकडे रेल्वे नेताना खर्चाचा ६७ टक्के भाग सिडकोने आणि ३३ टक्के भाग रेल्वेने उचलावा, अशी व्यवस्था झाली. सिडकोचा पैसा हा मुख्यतः जमिनीचा पैसा होता. मे १९९२ मध्ये लोकल वाशीस पोहोचली ती या भागीदारीमुळे. तीत उणिवा असतील, पण गाडीमुळे वाढलेल्या मोलातून गाडीचा खर्च भागविण्याचे तत्त्व आपण आपल्याच भूमीवर वापरून पाहिले आहे. मुंबईत स्थानकांच्या आसपास उंच इमारती वर्षानुवर्षे उठत असताना त्या तत्त्वाची व्याप्ती का वाढली नाही, हा प्रश्न खाजगीकरणाच्या वादापेक्षा अधिक महत्त्वाचा आहे. त्या इमारतींच्या किमतीत ‘स्थानकापासून पाच मिनिटे’ या शब्दांचे मोल धरलेले असते. ते मोल लोकलने निर्माण केले, पण लोकलच्या हाती त्यातील किती पडते?

ते पडत नाही, म्हणून चौथा वाटा, शरीराने भरावयाचा, आपल्याकडे सर्वांत जड आहे. ९ जून २०२५ रोजी मुंब्र्याजवळ गर्दीच्या लोकलच्या दारांतून पडून प्रवासी मृत्युमुखी पडले. स्वस्त पासाचा उल्लेख करून अशा प्रवाशाला उपकाराची जाणीव करून देणारे लोक आहेत. त्यांना एवढेच सांगावयास हवे की ज्या गाडीचे भाडे जमीनमालक भरीत नाही, कारखानदार भरीत नाही आणि सरकार अपुरे भरते, त्या गाडीचे उरलेले भाडे दाराशी लोंबकळणारा माणूस भरीत असतो. जपानने तो वाटा २२१ वरून १६३ टक्क्यांपर्यंत खाली आणला; त्यासाठी त्याला चार दशके, प्रचंड कर्ज आणि जमिनीचा पैसा लागला. यांपैकी एकालाही पर्याय नाही. भाडे कोणीतरी भरावेच लागते. ते कोणी भरावयाचे, हे ठरविण्याचे काम गर्दीवर सोडून देणे, याला मात्र धोरण म्हणता येणार नाही.